अतिनील किरणांचा मारा बसलेलं यीस्ट उजेडात जास्त का जगतं?

मीनल_प्रतापगंज
भाची इथे वडोदऱ्यालाच मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करते, राहायला आमच्याकडेच आहे. सध्या तिचा प्रयोग यीस्टवर चालू आहे. पावाचंच यीस्ट, सॅकरोमायसीस सेरेव्हिसी. एकाच फ्लास्कमधलं यीस्ट तिने दोन पेट्री डिशवर पसरलं आणि दोन्ही डिश अतिनील दिव्याखाली सारखाच वेळ ठेवल्या. मग एक लगेच फॉइलमध्ये गुंडाळली. दुसरी थोडा वेळ ट्यूबलाइटच्या उजेडात ठेवली आणि नंतर दोन्ही एकाच इनक्युबेटरमध्ये गेल्या. दोन-तीन दिवसांनी तिने मला फोटो दाखवला. फॉइलमधल्या डिशवर तुरळक ठिपके, आणि उजेडातल्या डिशवर पांढऱ्या-मलई रंगाच्या वसाहतींची नुसती दाटी.

किरणांनीच मारायचं आणि किरणांनीच वाचवायचं, हे कसं काय? भाचीने 'फोटोलायेज' असं एका शब्दात सांगितलं आणि जर्नल लिहायला बसली. मी कॉमर्सची, पण हे डोक्यातून जात नाहीये. आणि आपल्या कातडीतही असंच होतं का? उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, आम्ही सगळे पतंग उडवायला सकाळपासून अंधार पडेपर्यंत अगाशीवर (गच्चीवर) असतो.

दांडियाबाजारकर
ट्यूबलाइटखाली ऊब मिळाली असेल. यीस्टला ऊब आवडते, पीठ भिजवणाऱ्या कुणालाही विचारा.

पेट्रीताई
दांडियाबाजारकर, तुमची शंका थेट 1940 च्या दशकातल्या एका प्रयोगशाळेत घेऊन जाते. अल्बर्ट केल्नर नावाचे शास्त्रज्ञ स्ट्रेप्टोमायसीस या जिवाणूचे बीजाणू अतिनील किरणांनी मारून बघत होते की तापमान बदललं तर त्यांतले किती सावरतात. आकडे कधी एक तर कधी भलतेच यायचे. तापमान तेच ठेवलं तरी जुळेनात. शेवटी लक्षात आलं की काही नळ्यांवर खिडकीचा उजेड पडत होता, आणि फरक त्याने पडत होता. हे 1949 साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी रेनाटो डुलबेको यांना जिवाणूंच्या विषाणूंमध्ये तेच दिसलं.

मीनल, आता तुमचा प्रश्न. प्रयोगशाळेतला जंतुनाशक दिवा 254 नॅनोमीटरचे किरण टाकतो. डीएनए नेमका त्याच्या आसपासचे, 260 च्या जवळचे किरण सर्वांत जास्त शोषतो. डीएनए चार रासायनिक अक्षरांनी लिहिलेला असतो, थायमिन त्यातलं एक. एकाच धाग्यावर दोन थायमिन शेजारी-शेजारी असतील तर ही ऊर्जा मिळाल्यावर ते एकमेकांना चिकटतात, मध्ये चार कार्बनचं एक कडं तयार होतं. याला थायमिन डायमर म्हणतात. सायटोसिन या दुसऱ्या अक्षराचेही असे जोड होतात. मूळ रेणूतून काही तुटून पडलेलं नसतं, पण धागा त्या जागी वाकडा होतो आणि डीएनएची नक्कल करणारं यंत्र तिथे येऊन अडतं. पेशी मरते ती मुख्यतः या अडथळ्यांमुळे.

फोटोलायेज हे विकर अंधारातही त्या जोडाला जाऊन चिकटू शकतं, पण काम सुरू करायला त्याला निळा किंवा निळ्याच्या अलीकडचा जांभळा, जवळचा अतिनील प्रकाश लागतो. त्याच्या पोटात एफएडी नावाचा रेणू असतो, रायबोफ्लेविनपासून बनलेला. प्रकाश मिळाला की एफएडी एक इलेक्ट्रॉन त्या जोडाला देतो, कडं सुटतं, दोन्ही थायमिन मोकळे होतात आणि इलेक्ट्रॉन परत एफएडीकडे येतो. डीएनएला कापावं लागत नाही, नवीन काही घालावं लागत नाही. म्हणजे मारणारे किरण वेगळ्या तरंगलांबीचे आणि वाचवणारे वेगळ्या.

यीस्टचा या कथेत जुना हात आहे. क्लॉड रुपर्ट यांनी 1960 साली दाखवलं की बेकरीच्या यीस्टमधून काढलेलं विकर परीक्षानळीतसुद्धा हे काम करतं. त्यांचेच विद्यार्थी अझीझ सँकार. 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल डीएनए दुरुस्तीसाठी तिघांना मिळालं, त्यात टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्या जोडीला तेही होते.

अनिकेत_कारेलीबाग
पेट्रीताई, सुंदर. पण मग फॉइलमधल्या डिशवर एकही वसाहत यायला नको होती ना? उजेडच नाही तर फोटोलायेज बसून राहणार. तिथले तुरळक ठिपके कुणी वाचवले?

दांडियाबाजारकर
हाच प्रश्न मी लिहायला घेतला होता. केल्नरसाहेबांशी माझे विचार जुळले, त्यामुळे आज मी खुशीत आहे.

रावपुरा_ते_रोटरडॅम
अनिकेत, ते ठिपके म्हणजे अंधारातल्या दुरुस्तीचं काम. माझी पीएचडीची वर्षं याच विषयात गेली, त्यामुळे जरा लांबेल.

फोटोलायेज म्हणजे रफू मानलं तर ही दुसरी पद्धत म्हणजे खराब कापड कापून तिथे ठिगळ लावणं. यीस्टमध्ये या कामाची जनुकं 'रॅड' (रेडिएशनवरून) नावाने ओळखली जातात, कारण ती बिघडलेले वाण किरणांना लगेच बळी पडतात. रॅड-4 आणि रॅड-23 ही प्रथिनं जोडीने फिरतात आणि डीएनए कुठे वाकला आहे ते हेरतात. मग टीएफटूएच नावाचा मोठा प्रथिनसंच येतो. त्यातली रॅड-3 आणि रॅड-25 ही दोन प्रथिनं त्या जागी दोन्ही धागे सोडवतात. रॅड-14 तिथे नुकसान खरंच आहे याची खातरजमा करायला मदत करतं. नंतर रॅड-2 एका बाजूने छेद देतं, रॅड-1 आणि रॅड-10 ची जोडी दुसऱ्या बाजूने. सुमारे 25 ते 30 अक्षरांचा तुकडा निघून येतो. समोरचा धागा शाबूत असतो, तो बघून रिकामी जागा भरली जाते आणि टोकं सांधली जातात. याला उजेड लागत नाही. वेळ मात्र लागतो.

मला यातलं सर्वांत आवडतं प्रथिन रॅड-3. बाकी बरीच रॅड जनुकं पूर्ण काढून टाकली तरी यीस्ट जगतं, फक्त अतिनील किरण सोसत नाही. रॅड-3 पूर्ण काढलं तर पेशी जगतच नाही. याचं कारण 1993 च्या सुमारास उलगडलं. टीएफटूएच हा संच रोजच्या कामातलाही आहे, जनुक वाचून आरएनए बनवायला सुरुवात करताना डीएनए तोच उघडतो. एकच संच वाचायलाही आणि दुरुस्तीलाही.

त्यातून आणखी एक गोष्ट कळते. जे जनुक आत्ता वाचलं जात आहे त्याची दुरुस्ती लवकर होते. आरएनए बनवणारं यंत्र डायमरपाशी अडतं आणि तेच धोक्याची खूण ठरतं. यीस्टमध्ये रॅड-26 त्या अडलेल्या यंत्राकडे दुरुस्तीची मंडळी बोलावतं. न वाचल्या जाणाऱ्या भागासाठी रॅड-7 आणि रॅड-16 वेगळे.

मीनल_प्रतापगंज
भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणते, रॅड-4 ची पाठांतर केलेली ओळ आज पहिल्यांदा समजली. आता जर्नल बाजूला ठेवून माझ्या शेजारी बसली आहे.

मांडवीकर
इतकं सगळं एका पेशीच्या जिवाकडे आहे तर माणसाकडे याहून सरस व्यवस्था असणारच. आपण उत्क्रांतीत कितीतरी पुढे आहोत.

पेट्रीताई
मांडवीकर, इथे मी असहमत आहे. निदान फोटोलायेजच्या बाबतीत आपण यीस्टच्या मागे आहोत, कारण ते आपल्याकडे नाहीच. वार (प्लॅसेंटा) असलेल्या कुठल्याच सस्तन प्राण्यात नाही. कांगारूसारख्या पिशवीवाल्या प्राण्यांत आहे, बेडकांत आहे, माशांत आहे, झाडांतही आहे. त्या घराण्यातली क्रिप्टोक्रोम नावाची प्रथिनं आपल्यात उरली आहेत, पण ती आता शरीराचं दिवसरात्रीचं घड्याळ सांभाळतात, डायमर सोडवत नाहीत.

अनिकेत_कारेलीबाग
ठरलं. पुढच्या उत्तरायणला फिरकी धरायला कांगारूला बोलवायचं.

दांडियाबाजारकर
आणि उंधियू त्याच्याच हाती द्या, पिशवीत गरम राहील.

रावपुरा_ते_रोटरडॅम
मांडवीकरांच्या मुद्द्यातला अर्धा भाग मात्र धरून ठेवण्यासारखा आहे. ठिगळाची पद्धत आपल्याकडे आहे आणि ती यीस्टच्या पद्धतीशी जवळजवळ एकास एक जुळते. यीस्टचं रॅड-4 ते आपलं एक्सपीसी. रॅड-14 ते एक्सपीए, रॅड-3 ते एक्सपीडी, रॅड-2 ते एक्सपीजी, रॅड-1 ते एक्सपीएफ.

हे 'एक्सपी' म्हणजे झेरोडर्मा पिग्मेंटोझम. हा आजार असलेल्या मुलांना दुपारचं थोडं ऊनही भोवतं. लहानपणीच अंगावर दाट वांग उठतात आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी वाढतो. या आजाराचं वर्णन एकोणिसाव्या शतकापासून आहे, कारण मात्र 1968 साली कळलं. जेम्स क्लीव्हर यांनी या रुग्णांच्या त्वचेच्या पेशी वाढवून दाखवलं की डायमर काढून तिथे नवीन डीएनए भरण्याचं काम त्या पेशींत होत नाही. पुढे यातलं कोणतं प्रथिन नक्की काय करतं हे शोधताना यीस्टचा आधार फार मोलाचा ठरला. यीस्टमधलं जनुक काढा, बदला, पुन्हा घाला, दोन दिवसांत उत्तर समोर. माणसाच्या पेशींत तेव्हा हे सोपं नव्हतं. पावाच्या यीस्टवर पैसे कशाला घालवता असं कुणी विचारलं की मी या मुलांबद्दल सांगतो.

वसुधा_सुरसागर
माझ्या नातीला डॉक्टरांनी कोवळ्या उन्हात बसवायला सांगितलं आहे, डी जीवनसत्त्वासाठी. हे वाचून काळजी वाटायला लागली. आम्ही तिला बंद खिडकीपाशी, काचेआड बसवतो. ते चालेल ना?

पेट्रीताई
वसुधाताई, घाबरू नका. निरोगी त्वचेच्या पेशी रोज असे डायमर काढत असतात. काचेचं मात्र सांगते. त्वचेत डी जीवनसत्त्व ज्या किरणांनी बनतं ते अतिनील-बी किरण खिडकीची साधी काच बहुतेक अडवते. डायमर होतात तेही मुख्यतः त्याच किरणांनी. म्हणजे काचेआड डायमर कमी, पण डी जीवनसत्त्वही जवळजवळ नाही. अगदी सकाळच्या उन्हातही ते किरण कमीच असतात. किती वाजता आणि किती वेळ, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, बाळाची त्वचा नाजूक असते.

दिव्यातून निघतात ते 254 चे किरण सूर्याकडूनही निघतात, पण ओझोन आणि हवा ते वरच शोषतात. जमिनीवर पोचत नाहीत.

मांडवीकर
आमच्या स्वयंपाकघरात यूव्हीचं पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे. त्यातले जंतू उजेडात पुन्हा उठून बसतात की काय?

रावपुरा_ते_रोटरडॅम
रास्त शंका आहे. सांडपाणी अतिनील किरणांनी निर्जंतुक करणाऱ्या इंजिनिअरांनाही हा विचार करावा लागतो, कारण पुष्कळ जिवाणूंकडे फोटोलायेज आहे. उपाय म्हणजे मात्रा भरपूर ठेवायची, म्हणजे दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर नुकसान होतं. घरच्या यंत्रात दिवा वेळेवर बदला आणि त्याची नळी स्वच्छ ठेवून घ्या. नळीवर क्षार साचले की पाण्यापर्यंत किरण कमी पोचतात. आणि शुद्ध केलेलं पाणी उघड्या भांड्यात उन्हात ठेवू नका.

कलाभवनी_आजोबा
अवांतर होईल, पण राहवत नाही. यीस्ट आणि बडोदा हे नातं जुनं आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात 1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली, त्रिभुवनदास गज्जर तिथले पहिले धुरीण. पुढे 1907 साली गज्जर, अमीन आणि आपले कोटिभास्कर यांनी मिळून अलेंबिक हा औषधं-रसायनांचा कारखाना सुरू केला, आणि सुरुवातीच्या मालात मद्यार्क होता. मद्यार्क म्हणजे यीस्टचीच मेहनत. आमच्या लहानपणी घरातली मोठी माणसं त्या कारखान्याचं नाव अभिमानाने घ्यायची. आज आपल्या गावची मुलगी त्याच जिवाच्या डीएनएवर काम करते, हे वाचून फार आनंद झाला. मुलीला माझे आशीर्वाद सांगा.

मीनल_प्रतापगंज
आजोबा, सांगितले. ती नमस्कार म्हणते.

प्रयोगशाळेतली_मी
एक गोष्ट कळकळीने सांगते. मी शिकत असताना एका प्रयोगशाळेत अतिनील दिव्याच्या कपाटाची काच निखळलेली होती. माझी मैत्रीण डिशची झाकणं काढता-लावताना तशीच वाकून काम करत राहिली. तेव्हा काहीच जाणवलं नाही. रात्री डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं व्हायला लागलं, पाणी थांबेना, दिवा लावला तर सहन होईना. एक-दोन दिवसांत बरी झाली, पण ती रात्र आम्ही हॉस्टेलवर तिच्या उशाशी बसून काढली. मीनलताई, भाचीकडे चेहरा झाकणारं शील्ड, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा कोट आहे ना? हातमोजा आणि बाही यांच्यामध्ये मनगट उघडं राहतं, तिथे हमखास भाजतं.

मीनल_प्रतापगंज
शील्ड आहे. मनगटाचं तिला माहीत नव्हतं, आता सांगितलं.

अनिकेत_कारेलीबाग
मूळ विषयाकडे येतो. आतापर्यंत आपण 'जगलं म्हणजे दुरुस्त झालं' असं धरून चाललो आहोत. हे खरं आहे का? नुकसान तसंच राहिलं आणि तरी पेशी विभागली, असं होत नाही?

रावपुरा_ते_रोटरडॅम
अनिकेत, वसाहती मोजणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न विचारायला हवा. होतं. अगदी होतं.

नक्कल करणारं यंत्र डायमरपाशी अडलं आणि दुरुस्तीला अवकाश असेल तर पेशी दुसरी पॉलिमरेज, म्हणजे नक्कल करणारी, विकरं पुढे करते. ती डायमर तसाच ठेवून पलीकडे जातात. कुणाला बोलवायचं याची व्यवस्था रॅड-6 आणि रॅड-18 बघतात. यातलं रॅड-30 चं विकर चांगलं आहे. दोन थायमिनच्या जोडासमोर ते बहुतेक वेळा दोन अॅडेनिनच घालतं, म्हणजे बरोबर अक्षरं. लुईस आणि सत्य प्रकाश यांच्या गटाने 1999 मध्ये हे यीस्टमध्ये दाखवलं. माणसातलं तेच विकर बिघडलं की एक्सपीचाच एक प्रकार होतो, हेही त्याच वर्षी कळलं.

पण रेव्ह-3 चं विकर आलं तर ते चुका करून जातं. पेशी जगते, डिशवर वसाहत दिसते, आणि तिच्या डीएनएत बदल कायमचा बसतो. रेव्ह-3 काढून टाकलेलं यीस्ट अतिनील किरणांनी थोडंच जास्त मरतं, पण त्याच्यात किरणांमुळे होणारे उत्परिवर्तन जवळजवळ थांबतात. म्हणजे ते बदल किरण एकटे घडवत नाहीत, जगण्याच्या धडपडीत पेशी स्वतःच ते लिहून घेते. माझ्या दृष्टीने या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की किती जगले ते मोजा, पण जे जगले ते कसे जगले ते तपासल्याशिवाय दुरुस्तीबद्दल बोलू नका.

पेट्रीताई
पूर्ण सहमत, आणि यात वेळेचा मुद्दा जोडते. अतिनील मारा झालेलं यीस्ट लगेच अन्नावर न पसरता काही तास नुसत्या पाण्यात, अंधारात ठेवलं तर जास्त जगतं. अन्न नाही म्हणून विभाजन नाही, तेवढ्यात ठिगळाचं काम होतं. हे 1960 च्या दशकापासून माहीत आहे.

आणि पेशी स्वतःही थांबते. 1988 मध्ये टेड वाइनर्ट आणि लेलँड हार्टवेल यांनी रॅड-9 बिघडलेलं यीस्ट घेतलं. प्रयोग क्ष-किरणांचा होता. साधं यीस्ट डीएनए तुटल्यावर विभाजन थांबवतं. रॅड-9 नसलेलं थांबत नाही, तसंच विभागतं आणि मरतं. मग त्यांनी विभाजन रोखणारं एक रसायन घालून त्याला काही तास सक्तीने थांबवलं, तर त्यातल्या पुष्कळ पेशी वाचल्या. दुरुस्तीची सामग्री शाबूत होती, थांबण्याची खूण तेवढी हरवली होती. हार्टवेल यांना पेशीचक्रावरच्या कामासाठी 2001 चं नोबेल मिळालं.

वसुधा_सुरसागर
मला सगळं कळलं असं नाही, पण हे थांबण्याचं कळलं. फार छान समजावता तुम्ही दोघं.

मीनल_प्रतापगंज
आता भाचीच टाइप करते आहे:
नमस्कार, मी ऋचा. सरांनी मला फक्त वसाहती मोजायला सांगितल्या होत्या. वरचं वाचून मला उजेडातल्या आणि अंधारातल्या डिशमधलं उत्परिवर्तनही मोजावंसं वाटतं. आमच्याकडे हॅप्लॉइड, म्हणजे प्रत्येक जनुकाची एकच प्रत असलेलं, वाण आहे. काय वापरू? आणि उत्तरायणचं मावशीला काय सांगू?

रावपुरा_ते_रोटरडॅम
ऋचा, शाब्बास. कॅनाव्हनिन वापर. ते आर्जिनिन या अमिनो आम्लासारखं दिसणारं विष आहे आणि कॅन-1 जनुकाच्या प्रथिनातून पेशीत शिरतं. ते जनुक बिघडलं तर विष आत जात नाही आणि पेशी जगते. माध्यमात आर्जिनिन अजिबात नको. प्रत्येक नमुना दोन ठिकाणी पसर: साध्या माध्यमावर किती जगले ते कळेल, कॅनाव्हनिनवर किती बदलले ते. नेहमी जगलेल्यांमागे बदललेले किती ते काढ, नुसत्या वसाहतींची संख्या फसवते. उजेडात जोड सुटून गेले असतील तर ते प्रमाण अंधारापेक्षा कमी यायला हवं. हॅप्लॉइड आहे हे उत्तम, बेकरीच्या पाकिटातल्या यीस्टमध्ये जनुकाच्या एकाहून जास्त प्रती असतात, एक बिघडली तरी दुसरी झाकून नेते.

मावशीला सांग, आपल्या त्वचेत उजेडाने होणारी दुरुस्ती नाही, अंधारातली आहे आणि ती हळू चालते. काही डायमर दुसऱ्या दिवशीही शिल्लक असतात. म्हणून टोपी, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन दर दोन तासांनी, आणि दुपारी बारा ते तीन जेवायला खाली.

दांडियाबाजारकर
बारा ते तीन खाली? वारा नेमका तेव्हाच येतो! पण टोपी घालीन, शब्द.

पेट्रीताई
ऋचा, पेशी पाण्यात ठेवून किरण देणार असशील तर आधी धुऊन घे, यीस्ट वाढवायचं नेहमीचं वायपीडी माध्यम स्वतःच किरण शोषतं. पातळ थर ठेव आणि हलवत राहा, दाट असेल तर वरच्या पेशी खालच्यांवर सावली धरतात. दिवा आधी पंधरा-वीस मिनिटं चालू ठेव, म्हणजे तीव्रता स्थिर होते. झाकण काढूनच किरण दे, प्लॅस्टिकचं झाकण 254 अडवतं. आणि खोलीतली ट्यूबलाइट बंद करून पिवळ्या किंवा लाल दिव्यात काम कर, नाहीतर फॉइल गुंडाळेपर्यंतच फोटोलायेज कामाला लागलेलं असतं.

मीनल_प्रतापगंज
ऋचा: लाल दिवा आमच्याकडे नाही. पिवळा जिलेटिन कागद लावून चालेल?

पेट्रीताई
चालेल, निळा प्रकाश पूर्ण अडवणारा गडद पिवळा किंवा नारिंगी घे. रावपुऱ्यात फोटोचं सामान मिळतं तिथे विचार. आणि आधी एक डिश किरण न देता त्याच उजेडात ठेवून बघ, म्हणजे तुलनेला आधार मिळेल.